दचक्या मास्तरणीचं गाऱ्हाणं

सगळ्यांत आधी खटकलं ते अगदी बारीक होतं. गावातला जो तो 'ओहोटी' म्हणत होता.

फार वर्षांपूर्वी, धुराची बोट महिन्यातून दोनदाच बंदराला लागायची त्या काळात, तांबळखोल गावी मुलींच्या शाळेवर एक मास्तरीण आली. तिचं नाव कावेरी. पण गावानं ते नाव फार दिवस वापरलं नाही. दार आपटलं की ती दचकायची, नारळ पडला की दचकायची, मागून कुणी 'बाई' म्हटलं तरी छातीवर हात ठेवायची. आठ दिवसांत तिची दचकी मास्तरीण झाली.

आणि अशा बाईला नाद कसला, तर झपाटलेल्या जागांचा! ज्याची भीती वाटते ते लिहून काढलं की ते कागदापुरतं उरतं, असं तिला वाटायचं. म्हणून जिथं बदली होईल तिथली पडकी गढी, ओसाड धर्मशाळा, नांदता न आलेली घरं ती शोधायची, माणसांना एकेकटं गाठून विचारायची आणि वहीत उतरवायची. कोणी पाहिलं, तिथी कोणती, त्या जागी आधी काय होतं. दहा तोंडांतून एकाच भुताच्या अकरा गोष्टी निघतात, हे तिला अनुभवानं ठाऊक झालं होतं. कुणाचं भूत पांढरं, कुणाचं काळं, कुणाचं लंगडं.

तांबळखोलात खाडीच्या तोंडाशी, खडकावर एक जुना कोट होता. कोटात पावसाच्या गोड्या पाण्याचं टाकं. ओहोटीला वाळूची पुळण उघडी पडली की कोटात चालत जाता यायचं, भरतीला मात्र होडीशिवाय गत नाही. त्या टाक्यात शेवंतीची लावसट राहते, म्हणजे मेलेल्या बाईचं भूत, असं सगळे सांगत.

कावेरीनं नऊ जणांना विचारलं. नऊही जणांनी सांगितलं, "पौर्णिमेची मध्यरात्र होती, ओहोटी लागली होती, शेवंती पाणी चोरायला कोरड्या पुळणीवरून चालत कोटात गेली, टाक्यात वाकली आणि खालून तिला कुणीतरी ओढलं." शब्दाला शब्द तोच. 'वाकली' म्हणताना सगळे थांबायचे, तेही तिथंच.

मास्तरीण होती ती. एका पाटीवरून बारा पोरींनी उतरवलं की बाराही पाट्यांवर चूक एकच असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती चूक शोधायला बसली. किनाऱ्यावर हिशेब सोपा असतो. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी काठोकाठ भरलेली असणार. पुळणीवर पुरुषभर पाणी. कोरडी वाट आली कुठून?

आता तुम्हीच सांगा. ज्या गावात रांगतं पोरही भरतीची वेळ सांगतं, त्या गावाला हे कळलं नसेल?

तिनं मासे विकणाऱ्या जनीला विचारलं, "पौर्णिमेला मध्यरात्री ओहोटी कशी गं?"

जनीनं पाटी डोक्यावर घेतली. "बाय, तू भात जेव आणि गप रव. तुका हयसर नोकरी करूची आसा मां?"

तेव्हा कावेरी शेवंतीच्या आईकडे गेली. देवकू म्हातारी गावाच्या टोकाला राहायची, माडांच्या पलीकडे. लावसटीचं घर म्हणून गावानं तिला तीस वर्षं वाळीत टाकलं होतं. तिला कुणी विस्तव देत नसे, तिच्या हातचं कुणी घेत नसे. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. पावलं ऐकून म्हणाली, "कोण ता? वाट चुकलंस काय?"

"नाही, आजी. तुमच्याकडेच आलेय."

"मगे बस. माका बघूक कोण इला, ह्या माका मेल्यावर सांगूक तरी होया."

मग म्हातारीनं सांगितलं. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. कोटातलं गोडं पाणी खोतानं स्वतःसाठी राखलं होतं. शेवंतीनं दिवसाढवळ्या, ओहोटीला, बायकांची रांग घेऊन कोट गाठला आणि घागरी भरल्या. खोत आडवा आला तर त्याच्या तोंडावर म्हणाली, "पाणी पावसाचां, कोट राजाचो, तू रे कोण?" पुढच्या पौर्णिमेला ती टाक्यात सापडली.

"आणि ही ओहोटीची गोष्ट?"

"खोताचो कारभारी घाटावरचो. तेका भरतीतला काय कळता? तेना गोष्ट रचल्यान आणि घराघरात जावन सांगल्यान. तशीच सांगूची, म्हणालो."

"मग चूक कुणीच काढली नाही?"

"काढली असती तर तेना सुधारल्यान असती. म्हणान गावान तशीच ठेवली."

कावेरीचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदाच चढला असेल. "तीस वर्षं, आजी? कुणी परकी येऊन गणित सोडवील म्हणून गाव वाट बघत बसलं?"

"गणित सगळ्यांनी सोडवल्यानी, बाय. उत्तर कोणी लिवल्यान नाय." म्हातारीला धाप लागली. "होडी खोताची. वल्ही मारणारो अजून जितो आसा. नाव मी घेवचंय नाय. तेच्याच तोंडातसून येवंदे. माका फकत चार खांदे होये. कुत्र्यासारखी ओढून नेव नको म्हणान सांग गावाक."

त्या दिवशी कावेरी परत निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर झावळी पडली आणि ती दचकली नाही, असं म्हणतात. भीती गेली होती असं नाही. भीतीच्या उरावर संताप चढून बसला होता. ती लावसट म्हणे टाक्याशी वाकणाऱ्याला आत ओढायची, पण खोताचे गडी रोज सकाळी त्याच टाक्यातून घागरी भरून नेत, त्यांच्या केसाला धक्का लागत नव्हता! भूत खोताच्या पदरी चाकरीला होतं की काय? एका मेलेल्या पोरीला पाण्यावर राखण बसवली, तिच्याच नावानं तिच्याच गावच्या बायकांना मचूळ पाणी पाजलं, आणि वर तिच्या आईला विस्तव बंद केला!

वाळीतून कुणाला सोडवायचं तर रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालावं लागतं. एकानं देवापुढं मागणं मांडायचं आणि गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कुणीच 'व्हय' म्हटलं नाही, तर ते मागणं देवापर्यंत पोचत नाही, हवेत विरतं. गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा. बाईनं घातल्याचं कुणी ऐकलंही नव्हतं.

त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा होती. दुपारचे बारा. देऊळ खाडीच्या काठावर, समोर कोट. मानकरी गाऱ्हाण्याला उभा राहणार तोच कावेरी वही छातीशी धरून पुढं झाली. तिचे पाय इतके लटलटत होते की देवळातली समई थरथरायला लागली, असं म्हणतात.

म्हातारा खोत गादीवर बसला होता. तो हसला. "मास्तरणी, पाटी पडली तरी दचाकतंस, आणि देवाक हाक मारतंस?"

"दचकते, खोतसाहेब. पण मला मोजता येतं." आणि ती लोकांकडे वळली. "आज पौर्णिमा आहे. सूर्य डोक्यावर आहे. दुपारी पाणी जिथं असतं तिथंच मध्यरात्री असतं. बघा समोर! कुठं आहे तुमची कोरडी पुळण?"

समोर खाडी काठोकाठ भरली होती. लोकांनी बघितलं आणि माना खाली घातल्या.

"बा देवा रवळनाथा!" कावेरीनं हाक दिली. "शेवंती चालत गेली नाही, तिला होडीनं नेलं. ती लावसट नाही, तुझं लेकरू आहे. देवकूचं घर वाळीतून सोडव, महाराजा!"

कुणी बोललं नाही. ढोलावर माशी बसली तर तिचाही आवाज आला असता.

तिनं दुसऱ्यांदा हाक दिली. पुन्हा काही नाही. मासेवाली जनी पदर तोंडात घालून रडत होती, पण 'व्हय' म्हणेना. आणि असं म्हणतात, की ओहोटी लागायची वेळ उलटून गेली तरी पाणी उतरेना. उलट ते चढायला लागलं. देवळाची पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली, जत्रेकऱ्यांच्या चपला तरंगत सभामंडपात आल्या.

आजही तांबळखोलात त्रिपुरीच्या दुपारी गाऱ्हाणं बाईच घालते. पहिल्या दोन हाकांना कुणी ओ द्यायची नाही, अशी रीत आहे. सगळ्या गावानं मान खाली घालून उभं राहायचं. "आपण गप्प का?" असं पोरं विचारतात, आणि आया सांगतात, "तेव्हा गप्प रवलो म्हणान." तिसऱ्या हाकेला मात्र सगळं गाव ओरडतं, इतकं की कोटावरचे बगळे उडतात. मग टाक्याचं पाणी घरोघर जातं, आणि पहिली घागर देवकूच्या रिकाम्या जोत्यावर ओततात. जिला अखेर चार नव्हे, चाळीस खांदे मिळाले, तिचं ते घर.

पण त्या दिवशी तिसऱ्या हाकेचं काय होणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कावेरीचा घसा बसला होता. वहीची पानं भिजली होती. ती रागानं रडत होती, आणि रडतानाच ओरडली, "बा देवा महाराजा! त्या रात्री होडी वल्हवणारा इथंच बसलाय. त्याच्या जिभेवर तीस वर्षांचा दगड आहे. तो उचल! मी एकटी आहे, मला कुणीतरी ओ द्या!"

ढोलवाल्यांच्या मागं म्होनो तांडेल बसला होता. एके काळी खोताची होडी त्याच्या हाती असायची. गेली तीस वर्षं त्यानं वल्ह्याला हात लावला नव्हता, आणि का लावला नाही, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पाणी त्याच्या घोट्यांना लागलं. तो भिंतीला धरून उठला.

"म्होन्या," खोत गुरगुरला, "बस खाली."

म्होनो बसला नाही. त्यानं कोटाकडे तोंड केलं, दोन्ही हात जोडले आणि देऊळ हादरेल अशा आवाजात तो म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"