डोंगराला झोप येईना

खूप खूप उंचावर, ढग जिथं दुपारी टेकायला येतात ना, तिथं एक गाव होतं. तिथं जायला नुसती एक पायवाट. तीही दमून मधे मधे गवतात बसायची. गाव होतं डोंगराच्या मांडीवर, आणि त्या गावात राहायची ठमा. नवी सून होती, बरं का. नवरा बुधा, आणि झोळीत एवढंसं लेकरू.

त्या गावची एक रीत होती. उतारावर पहिल्या वर्षी नाचणी लावायची. दुसऱ्या वर्षी वरई. तिसऱ्या वर्षी तेलासाठी खुरासणी. खुरासणीला पिवळी फुलं यायची, आणि सगळा उतार हळद लागल्यासारखा दिसायचा. ती काढून झाली, की मग उताराला झोपू द्यायचं. बायका म्हणायच्या, "दमलास बाबा, नीज आता." कुदळींच्या तोंडाला फडकी बांधायची, आणि पाय न वाजवता घरी यायचं. मग पुष्कळ वर्षं तिकडे कुणी फिरकायचं नाही. तोवर दुसरा कुठला तरी उतार जागा झालेला असायचा.

ठमा या गावात यायच्या आधी, एका वर्षी काय झालं, खुरासणी उदंड आली. तेल एवढं निघालं, की ठेवायला मडकी पुरेनात. मग गावचा म्हातारा कारभारी कोंडाजी म्हणाला, "झोपवायचं कशाला याला? हाही उतार पेरू, तोही पेरू. पडून राहून काय करतो तो?"

लोकांना पटलं. कुणी फडकी बांधली नाहीत. सगळे उतार पेरले. पुढच्या वर्षी पेरले, त्याच्या पुढच्या वर्षीही पेरले.

मग काय झालं? डोंगराची झोपच उडाली. तो जांभई द्यायचा, तर घरातली मडकी खडखडायची. डोळे चोळायचा, तर धोंडे गडगडत खाली जायचे. आणि नाचणी आली ती बोटभर. कणसं पोकळ.

बुधा म्हणाला, "ठमे, बोचकं बांध. आता खाली वीटभट्टीवर जायचं. सगळं गावच निघालंय."

ठमा झोळीपाशी गेली. लेकरानं अजून या अंगणात पाऊलही टाकलं नव्हतं. ती म्हणाली, "डोंगराला आधी झोपवून बघू की."

मग गावानं ठरवलं, झोपवून बघू. कोंडाजीनं ढोल आणवले. धडाम् धडाम्! डोंगराचे डोळे आणखीच मोठे झाले.

"लेकरू झोपत नसलं म्हणजे तुम्ही ढोल बडवता का, बाबा?" ठमा म्हणाली.

"काल आलेली पोर, मला शिकवतेस?" कोंडाजी गुरगुरला.

मग लोकांनी भारेच्या भारे गवत आणलं आणि डोंगरावर पांघरलं. डोंगराला आली शिंक. सगळं गवत आभाळात! कोंडाजीचं मुंडासंही गेलं त्याबरोबर.

मग ठमा एकटीच निघाली. लेकरू पाठीशी बांधलं आणि उतारावर जाऊन बसली. डोंगराला थोपटलं, आणि हळूच विचारलं, "का रे बाबा, झोप का येत नाही?"

डोंगर म्हणाला, "डोळा लागला की तुम्ही कुदळ मारता. आता नुसतं डोळे मिटायचं म्हटलं तरी धास्ती वाटते. घरात बी आहे तोवर तुमचे हात शिवशिवणारच."

"बी नसलं तर आम्ही खायचं काय?"

डोंगर नुसते लाल लाल डोळे मिचकावत राहिला.

ठमा घरी आली. कणगीच्या तळाशी बियाण्याची नाचणी होती, पुढच्या पेरणीची. तिनं ती सुपात काढली. मग जात्यावर बसली आणि सगळी दळून काढली.

बुधा धावत आला. "बियाणं दळलंस? अगं, वेड लागलं का तुला?"

"भट्टीवर जाऊन विटा पेरणार होतास?" ठमा म्हणाली.

तिनं मोठ्या हंड्यात आंबील शिजवली. गरम, मऊ, मिठाची. वाटीवाटीनं उताराच्या भेगांत ओतली. उरलेली येईल त्याला दिली. कोंडाजी तणतणत आला होता, पण वाटी तोंडाला लावली आणि खालीच बसला. दोन घोट घेतले. मग उठला, घरी गेला, आणि आपल्या बियाण्याची टोपली घेऊन आला. "हेही शिजव," एवढंच म्हणाला. मग सगळ्यांनी आपापल्या टोपल्या आणल्या. भेगांतून आंबील आत आत झिरपली. कुदळींना फडकी बांधली गेली.

आणि डोंगरानं डोळे मिटले, बरं का. त्याचा श्वास धुक्यासारखा वर आला. घरांवर पसरला, गोठ्यांवर पसरला. गायी झोपल्या, कोंबड्या झोपल्या, ठमाचं लेकरू झोपलं. गाव तर असं झोपलं, की कुणी किती झोपलं ते कुणालाच कळलं नाही.

झोपेत डोंगरानं कूस बदलली. अगदी अलगद. पायवाटही जागी झाली नाही.

सकाळी ठमानं दार उघडलं. समोर जुना उतार नव्हताच! डोंगराची दुसरी कूस वर आली होती, आजे-पणजे असल्यापासून निवांत झोपलेली. माती काळीभोर. आणि त्या मातीत आपोआप उगवलेली नाचणी, कमरेएवढी, मुठी वळल्यासारखी भरलेली कणसं.

"बुधा," ठमा म्हणाली, "बोचकं सोड."

बुधानं बोचकं सोडलं. सगळ्या गावानं सोडलं. ठमाचं लेकरू त्याच अंगणात रांगलं, त्याच अंगणात चाललं, आणि गाव पोटभर जेवून सुखानं राहिलं. दमलेली कूस मात्र खाली अजून गाढ झोपलीय. तिला उठवायचं नाही हं. मिटा बरं डोळे. आता मीही बोलत नाही.