म्हशीच्या लग्नाची दवंडी

एका नगरात एक राजा होता. मनाचा बरा, पण बोलायचा फार. समोरच्यानं "महा" म्हटलं, की "राज" हा स्वतःच म्हणून टाकायचा.

त्याच्या पदरी गोंदा नावाचा दवंडीवाला होता. त्याच्या हलगीवर काठी पडली, की उष्ट्या हाताची माणसंसुद्धा पानावरून उठून दारात यायची. एका सकाळी गोंदा अंगणात कोसळला. उजवा हात लुळा पडला, जीभही जड झाली. पंधरवड्यात हात हलू लागला, तसा तो हट्टानं कामावर निघाला. राजकन्येच्या लग्नाची दवंडी होती. ती दुसऱ्यानं द्यायची म्हणजे काय!

"ऐका हो ऐका!" एवढं ठणठणीत निघालं. पुढं गाडी घसरली. "महाराजांच्या... म्हशीचं लग्न! समद्यांनी यायचं!"

आणि लोक तरी काय, तुमच्याआमच्याइतकेच शहाणे. राजाची दवंडी, ती खोटी कशी असेल? दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दारात आहेर येऊन पडला. कडब्याच्या पेंढ्या, सरकीची पोती. एका हौशी काकूंनी तर शिंगांच्या मापाच्या मुंडावळ्या ओवून आणल्या.

राजा तापला. गोंदाला समोर उभं केलं. "माझी मस्करी करतोस?"

गोंदानं हात जोडले. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. घाम फुटेपर्यंत ओठ हलवले, पण बाहेर पडला एकच शब्द. "म्हैस."

दरबार खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं राजा हसला. मग त्यानं हलगी काढून घेतली आणि वेडा म्हणून गोंदाला घरी धाडलं.

चार दिवसांनी गोंदाची बायको भागीरथी ही म्हाळसाबाई नावाच्या वैदिणीला घेऊन दरबारात आली. या म्हाळसाबाईनं राजाला तान्हेपणी गुटी चाटवली होती. त्यामुळं अख्ख्या राज्यात राजाला अरेतुरे करणारी ती एकटीच.

"राजा, हा वेडा नाही. कणगी भरलेली आहे रे, नुसतं तोंड बुजलंय. त्याला सगळं कळतं. तोंड कसं मोकळं करायचं, ते मला ठाऊक नाही. पंचक्रोशीत अशी आणखी माणसं आहेत. त्यांच्यापाशी बसायला हवं, काय लागू पडतं, काय नाही, ते लिहून ठेवायला हवं. तीन वर्षांचा खर्च दे."

"तीन वर्षांनी सगळे बोलतील?"

"ठाऊक नाही."

"मग देऊ कशाला?"

"ठाऊक नाही म्हणूनच. ठाऊक असतं तर काढा करून पाजला असता, तुझ्या दारात कशाला आले असते?"

भागीरथी खाली मान घालून म्हणाली, "हलगी नको परत, महाराज. त्यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय. तेवढंच."

प्रधान खाकरला. तिजोरीतला पैसा राजाच्या हत्तीवर बसलेल्या पुतळ्यासाठी काढून ठेवला होता. हत्तीची सोंड तर घडवूनसुद्धा झाली होती.

राजा म्हणाला, "एका शब्दावाचून एवढं काय अडतं? मी नुसत्या भुवईवर राज्य चालवतो!"

"चालव की," म्हाळसाबाई म्हणाली. "उद्या दिवस मावळेपर्यंत 'म्हैस' एवढंच बोल. जिंकलास तर पुन्हा मागायला येणार नाही. हरलास तर तीन वर्षं."

राजानं टाळी दिली. उद्या लेकीची पाठवणी आहे, हे बोलण्याच्या भरात विसरूनच गेला.

सकाळी त्यानं अंघोळीला पाणी मागितलं. "म्हैस!" दूध आलं. जेवताना मीठ मागितलं. "म्हैस!" आणखी दूध आलं. तो चिडून ओरडला, तेव्हा एक खरीखुरी म्हैस, धुऊन पुसून, थेट दिवाणखान्यात आली. प्रधान उपरण्यात तोंड खुपसून हसत होता. राजानं ते हसू ओळखलं. त्या दिवशी गोंदापुढं आपणही असंच हसलो होतो.

उन्हं उतरली. पालखी दारात आली. लेक पायाशी वाकली. "बाबा, काहीतरी बोला ना."

राजानं तिला उठवून जवळ घेतलं. "म्है..." म्हणाला आणि थांबला. पोरीला हे असं म्हणून सासरी धाडायचं?

गर्दीत गोंदा उभा होता. याच पोरीला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. तो पुढं आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "म्हैस."

कुणी हसलं नाही. पोर रडत म्हणाली, "हो गोंदाकाका. जपून राहीन."

मग मात्र राजाचा बांध फुटला. "पोरी, सुखी राहा! पोचलीस की निरोप धाड! थंडीत पाय उघडे टाकू नकोस!"

"महाराज, पैज!" प्रधान ओरडला.

"मोडली पैज. मी मोडली आणि सुटलो," राजा डोळे पुसत म्हणाला. "गोंदानं काय मोडायचं?"

पुतळा राहूनच गेला. सोंड गुरांच्या हौदाला लावली. गावच्या म्हशी आता तिथंच पाणी पितात.

म्हाळसाबाई तीन वर्षं गावोगाव फिरली. चाळीस माणसांपाशी बसली. काहींना कशाचाच उपयोग झाला नाही, तेही तिनं लिहून ठेवलं. कुणी चित्रावर बोट ठेवून बोलू लागलं. कुणाचे अडलेले शब्द गाण्यात मिसळून बाहेर आले. आणि समोरच्यानं घाई न करता वाट पाहिली, तर पुष्कळांचा शब्द उशिरा का होईना, येतो, हेही तिला दिसलं.

राजाच्या नातवाचं बारसं होतं. बायकांनी गोंदाला घेरलं. "नाव घ्या, गोंदाभावजी! उखाण्यात घ्या!"

राजानं स्वतः हलगी आणून दिली. आपल्या जिभेचा भरवसा नव्हता, म्हणून तोंडात भला मोठा विडा कोंबून बसला. गोंदानं ठेका धरला. शब्द येईना. सगळे थांबले. ठेका चालू राहिला, आणि मग:

"हलगीच्या तालावर शब्द येतात माघारी,
भागीरथीचं नाव घेतो म्हशीच्या दारी!"

म्हणायचं होतं राजाच्या दारी. राजाला असं हसू फुटलं, की विड्यानं प्रधानाचं उपरणं रंगलं.

भागीरथी तेवढी हसली नाही. पदर तोंडाला लावून ती गोंदाकडे बघत राहिली. म्हैस तिला ऐकूच आली नव्हती. तिनं फक्त आपलं नाव ऐकलं होतं.

तात्पर्य: वाचा हरवली म्हणून माणूस हरवत नाही. त्याच्या शब्दांची वाट जो शोधतो, त्याला, वाट सापडायच्या आधीच, सढळ हातानं द्यावं. आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईस्तोवर आपलं तोंड मिटून बसावं.