चंद्राक्काच्या दाराचे दोरे

फार वर्षांपूर्वी नदीकाठी एक भलंमोठं गाव होतं. दर पावसाळ्यात नदी घरात शिरायची. राजाने हुकूम सोडला, "गाव वरच्या माळावर न्या. पण ज्याची माणसं त्याच्या शेजारी राहू द्या."

आता आली का पंचाईत! एवढ्या गावात कोण कोणाचं, हे कळायचं कसं? पण कारभारी मोठा हुशार. त्याने दवंडी पिटवली, "ज्या घरून विरजण आणता, त्या दारापर्यंत आपल्या दारातून दोरा बांधा."

गावात चंद्राक्का एकटीच राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कुणीतरी आपल्याला 'आमची अक्का' म्हणावं, एवढीच तिची आस. दाराला चहूकडून दोरे आले तशी ती हरखून गेली.

कारभारी दीपमाळेवर चढला. खाली दोऱ्यांचे तीन दाट गुंते दिसले. "या झाल्या तीन आळ्या! मधले तुरळक दोरे कापून टाका."

मधले दोरे नेमके चंद्राक्काच्या दाराचे निघाले.

"आणि मी रे बाबा, कुठल्या आळीत?"

"तुम्ही कुठेच बसत नाही, अक्का. माळावरच्या विहिरीपलीकडे खोपटं देतो."

गाव माळावर गेलं. नव्या खोपटाच्या कडीला तिने त्या कापलेल्या दोऱ्यांची टोकं बांधून ठेवली. संध्याकाळी आळ्यांतून हसणं-बोलणं ऐकू यायचं. ती दार उघडं टाकून बसायची. कुणी येत नसे. जीव नुसता तुटायचा बिचारीचा.

मग कडक उन्हाळा आला. एका घरचं विरजण नासलं आणि बघता बघता आख्ख्या आळीचं नासलं, कारण सगळ्यांनी ते एकमेकींकडूनच नेलेलं. दुसऱ्या आळीत मागावं, तर ओळख कुठे उरली होती? लवकरच तिन्ही आळ्यांची तीच गत झाली. त्यात कारभाऱ्याची लेक तापातून उठलेली, दहीभातासाठी हटून बसली.

आळ्यांपासून तुटलेल्या चंद्राक्काचं विरजण तेवढं शाबूत होतं. शेवटी कारभारीच वाटी घेऊन खोपटाशी आला. मागे तिन्ही आळ्यांतल्या बाया.

'मी कुठेच बसत नाही ना?' चंद्राक्काच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती आत गेली आणि दह्याचं मडकं घेऊन आली. "आधी तुझ्या पोरीसाठी ने रे."

कारभाऱ्याची मान खाली गेली. "चुकलो, अक्का. सांगा, कुठल्या आळीत घर बांधू?"

"आमच्या!" तिन्हीकडच्या बाया एकदमच म्हणाल्या.

"वा गं वा, तुमच्या कशा? आमची अक्का ती!"

"चल, आमची!"

बाया भांडत राहिल्या, आणि चंद्राक्का डोळे पुसत वाट्या भरत राहिली.

तात्पर्य: जो कुठल्याच गटात बसत नाही, त्याला परका समजू नये, कारण गटांचं गाव त्याच्यामुळेच बनतं.