कोष्टिणीचं सारवण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्य कुणाचं होतं, ते आता कुणालाच आठवत नाही.

एका गावात एक कोष्टीण राहत होती. तिचा नवरा ऐन उमेदीत गेला. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, अशी त्या गावची रीत. पण हे गाव जरा जास्तच मायाळू! तेरावं झालं, महिने लोटले, तरी तिला कुणी कशाला हात लावू देईना. एक शेजारीण पाणी भरायची, दुसरी भांडी घासायची, तिसरी तिच्या हातातला झाडू काढून घ्यायची. "तू बस गं बाई, काही करू नकोस."

बसून बसून कोष्टिणीच्या मनात नुसता संताप साचला. गेलेल्या नवऱ्यावर राग, देवावर राग, आणि दारातून डोकावणाऱ्या त्या दयाळू चेहऱ्यांवर तर सगळ्यात जास्त. एक दिवस तिने आलेलं ताट अंगणात भिरकावलं.

"माझं घर आहे की धर्मशाळा? मी मेले नाही अजून!"

गाव हादरलं. म्हातारा पाटील म्हणाला, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. उद्या गाडी जुंपा, भावाकडे पोचवून या. घराला कुलूप लावू."

हे कानावर आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा गेला, कामं गेली, आता घरही काढून घेणार! सकाळीच तिने गोठ्यातून शेणाची पाटी आणली, दाराला आतून कडी घातली आणि जमीन सारवायला बसली.

पहिले हात तिने थापडा मारल्यासारखे मारले. पाटलाला एक, देवाला एक, न सांगता निघून गेलेल्या नवऱ्याला दोन. चुलीपाशी येईपर्यंत हात आपसूक वळणावर आले, आणि इतके महिने अडून बसलेलं रडू फुटलं. ती रडत राहिली, सारवत राहिली. राग गेला नव्हता, पण आता तो तिच्या ताब्यात होता.

गाडी आली. तिने दार उघडलं. पाटील उंबरठा ओलांडणार, तोच ती कडाडली, "पाटील, पाय मागे घ्या! जमीन ओली आहे. वाळली की या, माझ्या हातची भाकरी खाऊन जा."

पाटलाने उचललेला पाय मागे घेतला आणि गाडी वळवायला सांगितलं. गाडी रिकामी परत गेली. तेव्हापासून त्या गावात तेरावं झालं की शेजारणी ताट आणत नाहीत, चूल पेटवायला निखारा आणून देतात.

दुःखी माणसाला आधार जरूर द्या, पण त्याच्या हातचं काम काढून घेऊ नका. मन सावरतं ते त्या हातांनीच.