थाऱ्याची माती

पूर्वी मेखला नदीच्या काठी सुरभी नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कुंभारवाडीत, एका साध्या कुंभाराच्या घरी जन्माला आला. त्या जन्मी त्याचे नाव भद्रिक होते. त्याला सोणक नावाचा धाकटा भाऊ होता. सोणक रांगत होता तेव्हाच त्यांचे आईबाप पुरात गेले, आणि दोघांना त्यांच्या उत्तरा आत्याने वाढवले.

वाडी सखल जागी होती. माती आणि पाणी जिथे मिळेल तिथेच कुंभाराला राहावे लागते. नगराला तट होता. वाडीला काहीच नव्हते. भद्रिक मिसरूड फुटल्यापासून दर वर्षी पुराचे पाणी जिथवर चढेल तिथे काठच्या उंबरावर कोयत्याने खूण करीत असे. सात वर्षे त्याने हे केले. मग एके दिवशी त्याने वाडीतल्या लोकांना उंबराखाली बोलावले आणि नुसते बोट दाखवले. पहिली खूण गुडघ्याशी होती. सातवी त्याच्या डोक्यावर होती.

"पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही," तो म्हणाला. "महिनाभराचा दोन दिवसांत पडतो. आणि वरचे डोंगर उघडे पडलेत, ते पाणी धरत नाहीत. ती झाडं कुणी तोडली? थोडी नगरानं, थोडी आपण. आपल्या आव्यांत जळाली ती."

मडकी भाजायचा आवा प्रत्येक घरी वेगळा होता, आणि प्रत्येक आव्याला डोंगरातले लाकूड लागे. त्या दिवसापासून सगळ्या वाडीचा मिळून एकच आवा लागू लागला, तोही भाताच्या तुसावर आणि शेणाच्या गोवऱ्यांवर. वाडीच्या मधोमध लोकांनी एक उंचवटा रचायला घेतला. दर वैशाखी पौर्णिमेला प्रत्येक घराने सात टोपल्या माती आणून तिथे ओतायची आणि मग लहानथोर सगळ्यांनी मिळून ती अनवाणी पायांनी तुडवायची, जशी चाकावर घेण्याआधी माती तुडवतात तशी. उतारांवर त्यांनी वाळ्याचे गवत लावले, म्हणजे मुळ्या माती धरून ठेवतील. त्या उंचवट्याला लोक थारा म्हणू लागले. पाणी आले की थाऱ्यावर कोण आधी चढायचे, कोणी कोणाचा हात धरायचा, भाजलेल्या सातूची पुरचुंडी कोणी बांधायची, हे सगळे ठरले होते आणि दर वर्षी एकदा तसे चढून पाहिले जात असे.

असे अकरा वैशाख गेले. सोणक आता वीस वर्षांचा होता. हात सोन्याचा, पण डोके तापट. सामाईक आव्यात आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्याच्या जिवावर येई.

"दादाचं लग्न त्या टेकाडाशी लागलंय," तो आत्याला म्हणे.

"टेकाड उलटून बोलत नाही," आत्या म्हणे. "तुझ्यापेक्षा बरं."

त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली की कमळांच्या उत्सवासाठी पुरुषभर उंचीचा रांजण हवा आहे, आणि जो सर्वांत उत्तम घडवील त्याला राजकुंभार म्हटले जाईल. सोणकाने ऐकले आणि तो वेडा झाला. नदीतल्या खाणीची माती त्या वर्षी रेताड निघत होती. तिचा पातळ भिंतीचा रांजण उभा राहीना. गळ्याशी आला की बसे. तीन बसले. चौथा बसला तेव्हा त्याने चाकाला लाथ मारली आणि तो बाहेर पडला.

भर दुपार होती, वाडी निजली होती. तो थाऱ्याच्या पूर्वेच्या उतारावर जाऊन बसला आणि हात आपोआप खाली गेला, कारण कुंभाराचा हात मातीवर टेकला की ती चाचपतोच. वाळ्याच्या मुळाशी जी माती त्याच्या बोटांना लागली, तशी त्याने जन्मात पाहिली नव्हती. अकरा वर्षे सगळ्या वाडीच्या पायांनी तुडवलेली, खडा नाही की रेती नाही, लोण्यासारखी. सोणकाने विचार केला नाही. वाळ्याचे एक बेट त्याने अलगद उचलून बाजूला ठेवले, खालची माती काढली आणि बेट परत जागच्या जागी बसवले. वरून काही दिसत नव्हते. चार दुपारी तो तिथे गेला.

रांजण उभा राहिला. आव्यातून निघाला तेव्हा बोट मारले की घंटेसारखा वाजे. त्याला नगरात नेण्याआधी सगळी वाडी पाहायला आली. भद्रिकाने रांजणावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"खूप पायांनी तुडवलेली माती आहे," तो म्हणाला.

सोणकाला ती स्तुती वाटली. "मग? तुझ्याच भावानं तुडवलीय," तो म्हणाला आणि हसला.

भद्रिकही थोडा हसला. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेच टोपली घेऊन घराबाहेर पडू लागला. कुठे जातोस विचारले, तर वाळा पाहायला, एवढेच सांगे. सोणकाने अधिक विचारले नाही. तो राजकुंभार झाला होता, आणि त्याच्या खांद्यावर राजाने दिलेले पिवळे उपरणे होते.

पूर भाद्रपदात यायचा. त्या वर्षी तो ज्येष्ठातच आला, सकाळी उन्हे वर येत असताना. वाडीत पाऊस पडलाही नव्हता. पाणी वरच्या उघड्या डोंगरांतून खाली आले होते. उंबराखालच्या राखणदाराने ढोल वाजवला. कोणी ओरडले नाही, कोणी मडकी वाचवायला मागे फिरले नाही. आधी म्हातारी माणसे, मग पोटुश्या बाया आणि लेकरे, मग गाढवे, मग बाकीचे, अशी सगळी वाडी थाऱ्यावर चढली. सोणकाने आत्याला पाठीवर आणले. मागे वळून पाहिले तर त्यांच्या घराचे छप्पर पाण्यावर फिरत होते.

थाऱ्यावर दाटी झाली. पण पूर्वेच्या कडेला चार हात जागा मोकळी होती, आणि तिच्या मधोमध भद्रिक एकटा उभा होता. दाटीमुळे माणसे तिकडे सरकू लागली की तो दोन्ही हात आडवे करून त्यांना मागे सारी.

"अरे भद्रिका," आत्या ओरडली, "तिथे काय राखण करतोस? इकडे ये, माणसांत."

"इथून नदी दिसते, आत्या."

"नदी चहूकडे आहे. तुला तेवढी तिथूनच दिसते का?"

लोक हसले. सोणक हसला नाही. ती जागा कोणती, हे तिथे फक्त त्यालाच ठाऊक आहे असे त्याला वाटत होते. दादा, तिथून हट, एवढेच म्हणायचे होते. पण का, असे कोणी विचारले असते, आणि सगळी वाडी तिथेच उभी होती. त्याच्या खांद्यावर ते पिवळे उपरणे होते. त्याने तोंड उघडले. भद्रिकाने त्याच्याकडे पाहिले, आणि सोणकाने तोंड मिटले. आता म्हणतो, या लाटेनंतर म्हणतो, असे करता करता पाणी वाळ्याच्या पात्यांपर्यंत आले.

मग पूर्वेची कड खचली. मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीचा गोळा चाकावरून घसरावा तशी ती खाली गेली, वाळ्यासकट आणि भद्रिकासकट. चार हातच गेली. बाकीचा थारा होता तसा राहिला, आणि त्याच्यावर सव्वादोनशे माणसे उभी होती.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरले. भद्रिक सापडला नाही. लोक खचलेल्या कडेपाशी जमले. आतून दोन रंगांची माती दिसत होती: जुनी, काळी, घट्ट; आणि तिच्या पोटात नवी, तांबूस, अजून न मुरलेली.

"ही माझ्या परसातली," रोहण नावाचा म्हातारा कुंभार म्हणाला. "महिनाभर रोज सकाळी न्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, थाऱ्याला उंदीर लागलेत, बिळं बुजवतोय. मी म्हटलं, सगळ्यांना बोलाव. तर म्हणाला, वैशाख होऊन गेला, लोक थकलेत, मी एकटा करतो."

उत्तरा आत्या चिखलातच बसली होती. ती उंदरांना शिव्या देऊ लागली. ज्या उंदरांनी माझा भद्रिक खाल्ला त्यांचे वंश जावोत, त्यांची बिळे जळोत, असे ती म्हणत राहिली. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सोणक तिच्यासमोर उभा होता. चार दुपारी आणि एक सकाळ, असा हिशेब त्याच्या मनात चालला होता. आणि त्या सकाळी भाऊ हातभर अंतरावर असताना तो गप्प राहिला होता. आत्ताही गप्प राहिला तर कोणाला कधी कळणार नव्हते. भद्रिक तशी सोय करून गेला होता.

"आत्या," तो म्हणाला, "तो उंदीर मी."

त्याने सगळे सांगितले: रांजण, वाळ्याचे बेट, दुपारची झोप आणि थाऱ्यावर मिटलेले तोंड. कोणी त्याला मारले नाही. मारले असते तर त्याला बरे वाटले असते. लोक फक्त त्याच्यापासून थोडे मागे सरले.

आत्याने विचारले, "त्याला ठाऊक होतं?"

"रांजणाला हात लावला तेव्हाच कळलं असणार."

"आणि तरी उंदीर म्हणाला."

"हो."

आत्याने त्याच्याकडे पाहिले नाही. हातातला चिखल ती चोळत बसली. मग म्हणाली, "टोपली घे."

सोणक आधी नगरात गेला. त्याने राजापुढे पिवळे उपरणे ठेवले आणि रांजण परत मागितला. का, असे राजाने विचारले, तेव्हा सगळ्या सभेसमोर त्याने कारण सांगितले, आणि पाणी उघड्या डोंगरांतून कसे आले तेही, मान खाली घालून, अडखळत. राजाने रांजण दिला आणि प्रधानाला विचारले, "त्या डोंगरांवरचं लाकूड आपल्याकडे किती येतं?" त्या वर्षापासून डोंगरात कुऱ्हाड बंद झाली.

भाजलेली माती पुन्हा भिजत नाही, हे कुंभाराला सांगावे लागत नाही. सोणकाने रांजण फोडला आणि खापऱ्या खचलेल्या कडेच्या तळाशी घातल्या. त्यांच्यावर तो रोज सात टोपल्या माती टाकून एकटाच तुडवू लागला. वर्षभर कोणी त्याच्याशी बोलले नाही. पुढच्या वैशाखी पौर्णिमेला तो तुडवत असताना मागे पावलांचा आवाज झाला. आत्या होती, आणि तिच्यामागे वाडी. सगळ्यांचे पाय त्याच्या पायांच्या शेजारी पडू लागले. सोणक म्हातारा होऊन मेला तोवर मेखलेला नऊ मोठे पूर आले. वाडीतले एकही माणूस गेले नाही. पण पूर्वेच्या कडेला उभे राहण्याची वेळ आली की सोणक तिथे दुसऱ्या कोणाला उभे राहू देत नसे.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा वर्षावासात, भिक्षू पावसाळाभर एका विहारात राहतात तेव्हा, सांगितली. त्या दिवसांत विहाराच्या नदीकडच्या बांधातल्या विटा कोणीतरी काढून नेल्या होत्या आणि कोणी नेल्या ते कोणी सांगत नव्हते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाची आत्या म्हणजे विहाराला रोज भात आणून देणारी ही उपासिका. रोहण म्हणजे आपले वृद्ध स्थविर. वाडीतले लोक म्हणजे ही सभा, आणि भद्रिक मीच होतो." एवढे बोलून तो थांबला. धाकट्या भावाचे नाव त्याने घेतले नाही.

सभेच्या अगदी शेवटी एक तरुण भिक्षू बसला होता. आपल्या कुटीचा उंबरा उंच करायला त्या विटा त्यानेच नेल्या होत्या. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सोणक मी होतो, भगवन. विटाही मीच नेल्या."

"जा, परत लाव," शास्ता म्हणाला. "आम्ही येतो तुडवायला."

अशा रीतीने त्या जन्मी बोधिसत्त्वाने करुणेची पारमिता, म्हणजे त्या गुणाची पराकाष्ठा, पाळली. आणि सोणकाच्या अंगी जो गुण शेवटी आला, त्याचे नाव लज्जा.