भुरीला हवी ऊब

एक होती भुरी. मुठीएवढं मांजर!

न्हाणीघरात होता बंब. पाणी तापवायचा, गरम गरम. भुरी बंबाला पाठ लावून झोपायची. घुर्र घुर्र!

एके दिवशी बंब गळला. टप टप टप! बाबा त्याला मोडीत देऊन आले. न्हाणीघर गार पडलं. भुरीला झोपच येईना. फार फार आठवण आली बंबाची.

भुरी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

"आई, आई, मला ऊब दे!"

आईच्या मांडीवर होती छकुली. आई म्हणाली, "छकुली न्हाली, की दोघी गोधडीत निजा. पण पाणी गार गं! गच्चीवरची नवी टाकी तापेल, तर छकुली न्हाईल."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"टाकी, टाकी, तू ताप. छकुली न्हाईना, मला ऊब मिळेना!"

टाकी म्हणाली, "काचेच्या नळ्या बसतील, तर मी तापेन."

नळ्या बसवायला आले होते इस्माईलकाका. लुटूलुटू, लुटूलुटू.

"काका, काका, नळ्या बसवा. टाकी तापेना, छकुली न्हाईना, मला ऊब मिळेना!"

काका म्हणाले, "सावलीत नळ्या काय तापणार, बेटा? ती शेवग्याची फांदी आड येते. फांदी उतरेल, तर नळ्या बसवीन."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"फांदी, फांदी, खाली उतर. नळ्या बसेनात, टाकी तापेना, छकुली न्हाईना, मला ऊब मिळेना!"

फांदी म्हणाली, "माझ्यावर बुलबुलाचं घरटं. पिल्लू उडेल, तर मी उतरेन."

काका म्हणाले, "खरंय. घरटं असलेल्या फांदीला मी कोयता लावत नाही."

भुरी चढली कठड्यावर.

"पिल्ला, पिल्ला, उड की रे! फांदी उतरेना, नळ्या बसेनात, टाकी तापेना, छकुली न्हाईना, मला ऊब मिळेना!"

पिल्लू म्हणालं, "मी नाही जा! मलाही घरट्याची ऊब हवी."

भुरीला बंब आठवला. तिने मोठ्ठा आ केला.

"म्याँऽऽव!"

"अगं बाई! तू मांजर आहेस?" पिल्लू दचकलं. आणि उडालं की! भुर्रर्र! समोरच्या तारेवर, आईच्या शेजारी.

पिल्लू उडालं, भुर्रर्र!
फांदी उतरली, कडाड्!
नळ्या बसल्या, खट खट!
नळ्यांनी दिवसभर ऊन खाल्लं. टाकी तापली.
छकुली न्हाली, छपाक छपाक!

आईने छकुलीला गोधडीत गुंडाळलं. गोधडीतून एक हात बाहेर आला. इवलासा, गरम गरम. त्याने भुरीला आत ओढलं.

घुर्र घुर्र!

मिळाली गं बाई ऊब. श्श! आता कोणी बोलू नका. दोघी निजल्यात.