दहा हजार सात फरशा

खूप काळ लोटला या गोष्टीला. डोंगरातल्या एका राजाने देवीच्या देवळापुढचे अंगण फरसबंद करायचे ठरवले. घरटी एक फरशी द्यावी, अशी त्याने दवंडी पिटवली. राज्यात घरे होती दहा हजार सात. तेवढ्याच फरशा जमल्या, सगळ्या एकाच मापाच्या आणि चौरस.

राजाने म्हाळू पाथरवटाला बोलावले. "अंगण चौकोनी हवे, चारी कडा सरळ. फरशी फोडायची नाही, बाहेरची आणायची नाही आणि एकही उरता कामा नये. आपली फरशी देवीने नाकारली, असे कोणाला वाटायला नको."

म्हाळूने शंभराच्या शंभर ओळी लावल्या. सात फरशा उरल्या. ज्यांच्या त्या होत्या, त्या घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. म्हाळूने सगळे उखडून नव्याण्णवाच्या ओळी घातल्या. आठ उरल्या. सत्त्याण्णवाच्या घातल्या, तर सोळा. चार महिने असेच गेले. गड्यांची बोटे सोलून निघाली. शेवटी राजा म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत अंगण पुरे कर, नाहीतर राज्य सोडून जा."

म्हाळूची बायको गिरजा विणकाम करी. धागे मोजून मोजून तिचा हिशेब पक्का झाला होता. ती म्हणाली, "आता एकही दगड हलवू नका. आधी मला भागून बघू द्या."

जमिनीवर धूळ पसरून ती बोटाने आकडे मांडत बसली. दोनापासून शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याने तिने भागून पाहिले. दरवेळी काहीतरी बाकी राहिलीच.

"आणि शंभराच्या पुढे?" म्हाळूने विचारले.

"ओळीत शंभराहून जास्त फरशा घेतल्या, तर ओळीच शंभराच्या आत येतात. ते आकडे बघून झालेत."

दुसऱ्या दिवशी दोघे दरबारात गेले. "महाराज, यांचा हात चुकलेला नाही," गिरजा म्हणाली. "या संख्येचे सारखे वाटे पडतच नाहीत."

राजाने आपल्या गणितींना बसवले. तीन दिवसांनी ते म्हणाले, "बाई सांगते ते खरे आहे."

राजा म्हणाला, "म्हणजे न होणारी गोष्ट मी मागत होतो. म्हाळू, तुला कुठेही जायचे नाही." म्हाळूने हात जोडले.

"मग या फरशांचे करायचे काय?" राजाने विचारले.

"एकाच ओळीत सगळ्या बसतील," गिरजा म्हणाली.

देवळाच्या पायरीपासून नदीच्या उतारापर्यंत नुसता चिखल होता. त्या वाटेवर म्हाळूने एकेक फरशी मांडत नेली. एकही उरली नाही. म्हातारीकोतारी माणसे कोरड्या पायांनी देवीला येऊ लागली, आणि त्या सात घरांतली माणसे आपापली फरशी शोधून तिच्यावर घटकाभर टेकू लागली.

तात्पर्य: काम अडले की माणसाला दोष देण्याआधी ते काम होण्याजोगे आहे का, हे तपासावे.